काउबॉय बीबॉप : तेरा रविवारांच्या चिठ्ठ्या

२८ जून

ठरलं एकदाचं. सव्वीस भाग, दर रविवारी दोन, म्हणजे तेरा रविवार. प्रत्येक भाग संपला की आधी चिठ्ठी लिहायची, घडी करून डब्यात टाकायची, आणि मगच तोंड उघडायचं. उलट केलं की काय होतं ते मागच्या वेळी पाहिलंय. जो पहिल्यांदा बोलतो, त्याचंच मत सगळ्यांचं होऊन बसतं.

मालिका 'काउबॉय बीबॉप', जपानी ॲनिमेशन, म्हणजे ॲनिमे. ही निवडली, कारण ती आवडणारी माणसं "बरी आहे" असं कधीच म्हणत नाहीत. न आवडणारी पाचव्या-सहाव्या भागालाच सोडून जातात, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारतच नाही. मला दोघांचंही ऐकायचंय. शेवटी वीसेक पानांची पुस्तिका करायची आहे, आपल्या आपल्यात वाचण्यापुरती.

प्रेक्षक आठ. आत्या (वय ७१, ॲनिमेचा अनुभव शून्य). भौतिकशास्त्र शिकवणारी मैत्रीण. ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेले काका. अकरावीतला एक मुलगा आणि त्याच्यावर नजर ठेवायला आलेली त्याची आई. ऑफिसातले दोघे. आणि आठवा तो भक्त, ज्याने ही मालिका चार वेळा पाहिली आहे. त्याला अट घातली आहे की पुढचं काहीही सांगायचं नाही. पाळेल असं वाटत नाही.

चिठ्ठीत तीन रकाने : दहापैकी गुण, आवडलेलं, खटकलेलं.

१ जुलै

पुस्तिकेच्या सुरुवातीला मालिकेची दोन पानं माहिती हवी म्हणून टिपणं काढत होते. सनराइज स्टुडिओ, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, मुख्य पटकथाकार केइको नोबुमोतो, संगीत योको कान्नो. काळ २०७१. पृथ्वी जवळजवळ सोडून दिलेली, माणसं मंगळावर, शुक्रावर, गुरूच्या चंद्रांवर पसरलेली, आणि 'बीबॉप' नावाच्या जुन्या मच्छीमार जहाजातून फिरणारे, फरारी गुन्हेगार पकडून इनाम मिळवणारे काही जण. इतकं लिहिलं आणि प्रक्षेपणाच्या तारखांपाशी अडकले.

३ एप्रिल १९९८ पासून टीव्ही टोकियोवर ही मालिका सुरू झाली, पण दाखवले गेले फक्त बारा भाग : दुसरा, तिसरा, सातवा ते पंधरावा, आणि अठरावा. हिंसा आणि मोठ्यांचे विषय त्या वाहिनीच्या संध्याकाळच्या वेळेत बसेनात. पहिला भाग नाही, शेवट नाही, मधला कणाच नाही. २६ जूनला, तेराव्या आठवड्यात, जुन्या तुकड्यांची गोधडी जोडून एक विशेष भाग दाखवला, आणि त्याच्या शेवटी पडद्यावर लिहिलं की हा शेवट नाही, खरा 'काउबॉय बीबॉप' तुम्हाला कधीतरी पाहायला मिळेल. वाहिनीच्या तोंडावर सांगितलेलंच ते. पूर्ण सव्वीस भाग ऑक्टोबर १९९८ पासून वाऊवाऊ या सशुल्क वाहिनीवर लागले आणि एप्रिल १९९९ मध्ये संपले.

म्हणजे १९९८ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये या मालिकेबद्दल मत असलेली जी माणसं होती, त्यांचं मत या बारा भागांवरचं होतं. काय मत असेल ते?

रात्री अकराला मावसभावाला फोन केला. तो रात्रपाळीला असतो, रविवारी आमच्यात येऊ शकणार नव्हता म्हणून खट्टू झाला होता.

"तुला फक्त बारा भाग देणार आहे. आठवड्याला एक. मधले कुठे आहेत असं विचारायचं नाही, शोधायचं नाही."

"ताई, हा प्रयोग आहे की शिक्षा?"

"प्रयोग."

"मग चालेल. शिक्षा असती तर सव्वीस दिले असतेस."

नववा प्रेक्षक मिळाला.

५ जुलै (भाग १, २)

पहिल्या भागाची सुरुवात हिरव्या मिरच्या आणि मांसाच्या डिशने होते, ज्यात मांस नाही. जहाजावरचे दोघे, जेट आणि स्पाइक : जेट म्हणतो मांस आहे, स्पाइक म्हणतो नाही. शेवटीही तीच डिश. मधल्या वेळात एक जोडपं मरतं आणि इनाम हातचं जातं. मुलाच्या आईची चिठ्ठी : "नायक हरले आणि पुन्हा जेवायला बसले. असं कोण करतं?" खटकलेलंच्या रकान्यात लिहिलं होतं. मला ते आवडलेलंच्या रकान्यात हवं होतं, पण हात लावला नाही.

आत्याला इंग्रजी सबटायटल वाचायचा वेग जमत नाही. मी शेजारी बसून हळू आवाजात मराठी सांगते. 'बाउंटी हंटर'ला काय म्हणावं यावर मी अडखळले, तर तीच म्हणाली, "वसुलीवाले गं." आता खोलीत सगळे वसुलीवालेच म्हणतात.

आज मावसभावाने दुसरा भाग पाहिला, जो त्याच्या लेखी पहिला. त्यात एका कुत्र्यामागे सगळे धावतात आणि शेवटी तो कुत्रा, आइन, जहाजावर राहायला येतो. त्याचा निरोप : "छान आहे. लहान मुलांची आहे का?"

१९ जुलै (भाग ५, ६)

(१२ तारखेची नोंद राहिली. फे व्हॅलेंटाइन ही बाई टोळीत आली, मुलाने तिच्या कपड्यांबद्दल काही लिहिलं नाही, त्याच्या आईने पुष्कळ लिहिलं.)

पाचवा भाग सगळ्यांनाच लागला. प्रार्थनाघरातली चकमक, रंगीत काचेची खिडकी फोडून खाली पडणारा स्पाइक, आणि पडता पडता तुकड्यातुकड्याने दिसणारं त्याचं मागचं आयुष्य. त्या वेळी गोळीबाराचा आवाज नाही, नुसतं गाणं. काकांनी डोळे मिटले होते. चिठ्ठीत लिहिलं, "चित्र नंतर पाहीन. आधी ऐकून घेतलं."

सात चिठ्ठ्यांवर नऊ किंवा दहा गुण. आणि बाकीचे रकाने? "भारी." "अप्रतिम." "जबरदस्त." एकीवर फक्त तीन उद्गारचिन्हं. पुस्तिकेत छापायला यातलं काय घेणार? आत्याची आठवी. गुण सहा. लिहिलंय : "एवढा मार खाऊन आला, पट्ट्यांत गुंडाळलाय, उशाशी ती बाई गुणगुणतेय, तर हा म्हणतो तू बेसूर गातेस. आणि ती उशी मारते. हे दोघं एकमेकांशी नीट बोलणार कधी?"

पाचवा भाग मावसभावाकडे नाही. म्हणजे स्पाइकचा जुना साथीदार आणि आताचा वैरी विशस कोण, त्याच्या मागच्या आयुष्यातली ज्युलिया कोण, स्पाइक कशातून पळून आला, यातलं त्याला काहीच माहीत नाही.

२६ जुलै (भाग ७, ८)

आज दोन तास भांडण झालं, आणि पुस्तिकेत भांडणाला दोन पानं देणार आहे.

सातव्या भागात स्पाइक स्पेससूट न घालता निर्वातात उडी मारतो आणि पिस्तूल झाडून त्याच्या धक्क्याने स्वतःला पुढे ढकलतो. ऑफिसातला एकजण : "काहीही दाखवतात." मैत्रीण उठून उभीच राहिली. तिचं म्हणणं असं की गोळी एका दिशेला गेली की माणूस दुसऱ्या दिशेला जाणारच. धक्का लहान असेल, पण अंतराळात अडवणारं काही नाही. सूटशिवाय फुगून फुटतो हे सिनेमावाल्यांनी पसरवलेलं. शुद्ध राहायला दहा-पंधरा सेकंद मिळतात. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात सूटची नळी निघाली तेव्हा आतल्या तंत्रज्ञाची शुद्ध साधारण १४ सेकंदांत गेली, हवा परत भरल्यावर तो शुद्धीवर आला आणि वाचलाही. फक्त श्वास रोखून धरायचा नाही, फुप्फुसं फाटतील.

"पण तिथे आवाज कसा येतो मग? यानांचा, गोळ्यांचा?" मुलगा.

ती गप्प. मग म्हणाली, "ते मी योको कान्नोला माफ केलंय."

योको कान्नोबद्दल काकांना पुष्कळ बोलायचं होतं. तिने या मालिकेसाठी 'सीटबेल्ट्स' नावाचा वाद्यवृंदच उभा केला. कित्येकदा संगीत आधी तयार व्हायचं आणि त्यावरून वातानाबेंना दृश्य सुचायचं. भागांची नावंही संगीतातली : ब्लूज, बॅलड, वॉल्ट्झ, एलेजी, जॅझ. "आमच्याकडे उलट असतं," काका म्हणाले. "सगळं झाल्यावर आम्हाला बोलावतात आणि म्हणतात, इथे सव्वा मिनिटाची जागा उरलीये, भरा."

मावसभावही आज आठव्यापर्यंत पोचला. शुक्रावरची तरंगती शहरं, हवेतल्या बीजाणूंनी दृष्टी गेलेली बहीण, आणि तिच्यासाठी रोप चोरणारा भाऊ. "लहान मुलांची नाहीये," एवढाच निरोप.

२ ऑगस्ट (भाग ९, १०)

एड आली, संगणकात मुरलेलं पोर. आत्याने विचारलं, "हा मुलगा की मुलगी?" भक्त म्हणाला, "फेलाही शेवटीच कळतं." पुढचं सांगायचं नाही ही अट मोडली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

दहाव्यात जेट जुनं खिशातलं घड्याळ पाण्यात फेकतो. काकांची चिठ्ठी कोरी होती. विचारलं नाही.

९ ऑगस्ट (भाग ११, १२)

गुणांचा रकाना आजपासून बंद.

झालं असं. अकरावा भाग म्हणजे फ्रिजच्या कोपऱ्यात वर्षभर विसरलेल्या खाद्यपदार्थाचं भूत होतं आणि एकेकाला चावतं. भीतीपटाची सगळी आयुधं वापरून सांगितलेला विनोद. भक्ताने दहा दिले आणि लिहिलं, "क्लासिक." मैत्रिणीने चार दिले आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरून तिसरा कागद मागितला : शेवटी चायकोव्हस्कीचं फुलांचं वॉल्ट्झ लावून तो फ्रिज अंतराळात भिरकावला जातो तेव्हा कसं हसू फुटलं, एड झोपेत त्या भुताचाच घास घेते ते किती योग्य, पण तिघं बेशुद्ध पडलेले असताना तिला थोडी भीती का वाटली, वगैरे. दहा गुणांना एक शब्द आणि चार गुणांना तीन कागद. आकडे घेऊन मी करू काय? तक्ता फाडला. आठ जणांचे पाच रविवार होते त्यात, वाईट वाटलं.

दुसरी चूक माझीच. बारावा आणि तेरावा मिळून एक गोष्ट आहे, आणि माझ्या वेळापत्रकात त्या दोघांच्या मधोमध आठवडा पडला. स्पाइक बर्फात पडलाय आणि मी दिवे लावले. ऑफिसातला एकजण खरोखर रागावला. "तेरा रविवारचं गणित मांडताना मालिका बघितली होतीस का?" बघितली होती. गणितच जास्त बघितलं.

आजची तिसरी गोष्ट, ध्वनी. चुकून इंग्रजी डबिंग लागलं होतं, पाच मिनिटं कुणी बंद केलं नाही. नंतर दोन तट. भक्ताच्या मते या मालिकेचं इंग्रजी डबिंग हे डबिंगला नावं ठेवणाऱ्यांनाही गप्प करणारं आहे, आणि स्टीव्ह ब्लमचा स्पाइक जास्त दमलेला वाटतो. मैत्रिणीला मूळ जपानीतला कोइची यामादेराच हवा, त्याच्या स्पाइकच्या आवाजात खट्याळपणा आहे म्हणून. आत्या म्हणाली, "मला दोन्ही सारखेच. मी तुमची हिचीच ऐकते." म्हणजे तिच्यासाठी स्पाइक, जेट, फे आणि एड, सगळ्यांचा आवाज माझा आहे. हे आजवर डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून जरा कमी अभिनय करावा.

१६ ऑगस्ट (भाग १३, १४)

ग्रेन. कॅलिस्टो या गुरूच्या चंद्रावरचा सॅक्सोफोनवाला, तुरुंगातल्या औषधांनी ज्याचं शरीर बदलून गेलं. मुलाच्या आईची चिठ्ठी सगळ्यात लांब होती, आणि तिच्याकडून जी अपेक्षा होती तसली एकही ओळ त्यात नव्हती. "या माणसाला कुणीच काय आहेस म्हणून हिणवत नाही. फे बघते, दचकते, आणि मग त्याचं ऐकत बसते."

या भागाला नेहमीचं शेवटचं गाणं नाही. त्याऐवजी सॅक्सोफोनपासून सुरू होऊन हळूहळू ढोल आणि समूहस्वरांत जाणारी लांब धून आहे. संपेपर्यंत कुणी उठलं नाही. काका म्हणाले, "याला सव्वा मिनिटाची जागा नव्हती दिली."

२३ ऑगस्ट (भाग १५, १६)

मावसभावाचा फोन, पाऊण तास. तो आज बाराव्याला पोचला आणि चिडलाय.

"हा पांढऱ्या केसांचा कोण? सगळे असं वागतायत की मी त्याला ओळखतो. आणि ही ज्युलिया? एक नाव ऐकून हा माणूस जहाज सोडून जातो?"

तू ओळखत नाहीस, असं म्हणाले. खरंच आहे.

"बरं, ते जाऊ दे. फे पैसे घेऊन का पळाली? तिला पळायचं नव्हतं ना?"

मला कळेना काय बोलावं. आमच्या आठ जणांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष विशसकडे होतं, कारण पाचवा भाग पाहून झालेला होता.

३० ऑगस्ट (भाग १७, १८)

सतरावा भुकेल्या एडचा आणि अळंब्यांचा. हसले सगळे. पुढे.

अठरावा मात्र सविस्तर. जहाजावर फेच्या नावे एक पार्सल येतं, आत जुनी व्हिडिओ कॅसेट. ती चालवायला यंत्र नाही. स्पाइक आणि जेट पृथ्वीवरच्या पडक्या संग्रहालयात जमिनीखाली उतरतात, जिवावर उदार होऊन एक यंत्र वर आणतात, आणि कळतं की कॅसेट बेटा आहे, यंत्र व्हीएचएस. दोन वेगळ्या पद्धती, एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात चालत नाही. इथे आमच्याकडे वयाप्रमाणे खोली दुभंगली. काका, आत्या आणि मुलाची आई इतके हसले की पुढची दोन वाक्यं ऐकू आली नाहीत. मुलगा आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिला. त्याला बेटा म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाचं जे होतं तेच झालं.

मग दुसरं पार्सल येतं, त्यात बरोबर यंत्र असतं. कॅसेट सुरू होते. पडद्यावर शाळकरी फे, चिअरलीडरसारखे हात उडवत, भविष्यातल्या स्वतःला धीर देतेय. पुढ्यात बसलेली मोठी फे, जिला स्वतःचं काहीही आठवत नाही. तिला शीतनिद्रेतून उठवलेलं, आधीच्या आयुष्याची पाटी कोरी. ती बघत राहते आणि म्हणते, मला नाही आठवत. बस. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवत नाही, संगीत वर चढत नाही.

मुलाची चिठ्ठी : "मला आता व्हिडिओ काढून ठेवायची भीती वाटते." सोळा वर्षांचा आहे.

६ सप्टेंबर (भाग १९, २०)

एकोणिसाव्याच्या शेवटाकडे पृथ्वीच्या वातावरणात कोसळणाऱ्या स्पाइकला वाचवायला एक म्हातारा मेकॅनिक जुनं अंतराळयान बाहेर काढतो. शेडचं दार उघडतं, नाव दिसतं : कोलंबिया.

खोलीत दोन प्रकारची शांतता झाली. मुलगा आणि ऑफिसातला धाकटा मजेत पाहत होते. आम्ही बाकीचे नाही. हा भाग १९९९ चा. १ फेब्रुवारी २००३ ला खरं कोलंबिया परत येताना, याच वातावरणात शिरताना तुटलं, कल्पना चावलासकट सातही जण गेले. बनवणाऱ्यांनी जुन्या यंत्रावरच्या प्रेमापोटी ते यान आणलं. जुनं ते अजून चालतं, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. आज ते दृश्य तसं पाहताच येत नाही. मैत्रिणीने चिठ्ठीत फक्त तारीख लिहिली.

असंच एकदा आधीही झालं होतं. अमेरिकेत अॅडल्ट स्विम या टीव्ही विभागाने ही मालिका सुरू केली २ सप्टेंबर २००१ ला. त्यांची पहिली ॲनिमे मालिका ती. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि काही भाग त्या फेरीत गाळावे लागले. त्यात एक बाविसावा, गगनचुंबी इमारती उडवणाऱ्या माथेफिरूचा, जो मुळात निव्वळ फार्स आहे. पुढच्या रविवारी आमच्याकडे लागेल, आणि सगळे हसतील बहुधा.

विसाव्याबद्दल आत्या : "तो राक्षस शेवटी आई आई करत रडला. त्याला मारायची काय गरज होती? मारलंच त्या मिरवणुकीतल्या बाहुल्याने, ते बरं झालं. यांच्या हातून नको."

१३ सप्टेंबर (भाग २१, २२)

हसले.

ऑफिसातला धाकटा आज पहिल्यांदा कबूल झाला की त्याने आधी २०२१ ची खऱ्या नटांची दहा भागांची आवृत्ती पाहिली होती आणि त्याला ती आवडली होती. भक्ताने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने चिठ्ठी परत मागितली. दिली नाही. ती आवृत्ती १९ नोव्हेंबरला आली, तीन आठवड्यांत तिचा पुढचा हंगाम रद्द झाल्याचं जाहीर झालं, आणि त्याच डिसेंबरच्या १ तारखेला मूळ मालिकेच्या पटकथाकार केइको नोबुमोतो गेल्या. भक्त हे सगळं एका दमात सांगतो, जणू एकामुळे दुसरं झालं.

धाकट्याची चिठ्ठी जशीच्या तशी छापणार : "तिथे सगळे सगळं बोलून दाखवतात. मला वाटलं तेच बरं. मग अठरावा भाग पाहिला."

२० सप्टेंबर (भाग २३, २४)

चोविसावा. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं, जे सतत "कथा पुढे सरकत नाही" म्हणत होते, तेच या भागाबद्दल सर्वांत जास्त लिहितायत. आणि यात तर कथा अजिबातच सरकत नाही. माणसं निघून जातात, एवढंच.

फेला आठवतं. ती धावत आपल्या घराकडे जाते, चढ चढून वर पोचते, तर घर नाही, पडकी भिंत आणि माती. ती काठी घेते, मातीत एक चौकोन ओढते आणि त्यात आडवी होते. तिथे तिचा पलंग होता. तिकडे एड बापाच्या मागे निघालीये, आइन तिच्या मागे. जहाजाच्या डेकवर मोठ्या अक्षरांत बाय बाय रंगवलेलं. स्पाइक आणि जेट टेबलाशी बसून उकडलेली अंडी खातात. आधी आपापली, मग न आलेल्यांच्या वाट्याची. तोंडात कोंबतात. एक शब्द नाही.

पहिल्या भागाला "नायक पुन्हा जेवायला बसले" म्हणून नाराज झालेली मुलाची आई. आजची तिची चिठ्ठी : "पुन्हा जेवायला बसले."

मावसभावाचा बारावा आणि शेवटचा भाग आजच होता, म्हणजे अठरावा. त्याचं मत लिहून घेतलं, फोनवर, शब्दशः :

"ही फेची गोष्ट आहे. पहिल्या दोन भागांत ती येते, मधे पळते, परत येते, मग तिला कसं फसवलं ते कळतं, आणि शेवटी तिला तिचीच कॅसेट मिळते आणि काही आठवत नाही. संपलं. पूर्ण आहे. तो उंच माणूस मजेशीर आहे, पण तो पाहुणा आहे."

बारा भागांची यादी परत समोर घेऊन बसले. चुकीचं काही नाही त्यात. पंधरावा फेचा, मग थेट अठरावा, आणि पडदा. त्याच्या मालिकेत स्पाइक कशातूनच पळत नाही आणि कुठेच परत जात नाही. १९९८ च्या त्या वाहिनीने हिंसा गाळायला म्हणून कात्री लावली, आणि शिल्लक राहिलेल्याची नायिका बदलली.

पुस्तिकेची रचना बदलायला लागणार. आधी ठरवलं होतं, बारा भागांचं प्रकरण शेवटी परिशिष्टात. आता पहिलं तेच.

२७ सप्टेंबर (भाग २५, २६)

शेवट. काय घडतं ते इथे पुन्हा लिहीत नाही. स्पाइक जिने उतरतो, बोटांचं पिस्तूल करतो, कोसळतो. कॅमेरा वर जातो, ढगांतून आकाशात, गाणं सुरू होतं, नावं वर सरकू लागतात. सगळ्यात शेवटी अक्षरं : ते ओझं तुला वाहावंच लागेल.

चिठ्ठ्यांआधीच भांडण सुरू झालं, तेरा रविवारांत पहिल्यांदा नियम मोडला. मेला की नाही? भक्त : मेला. मैत्रीण : रक्त इतकं गेलेलं नाही. ऑफिसातला थोरला : वातानाबेने पक्कं उत्तर कधी दिलेलंच नाही, मग आपण कशाला. मुलगा काहीच बोलला नाही, पाठ करून बसला.

आत्या म्हणाली, "गेला. तारा विझला ना."

कुठला तारा?

"अगं, आत्ता. वर आकाशात. एक विझला. तो म्हातारा बैराग्यासारखा दिसणारा म्हणाला नव्हता का मागे, प्रत्येकाचा एक तारा असतो म्हणून? तूच तर सांगितलंस मला."

मागे नेऊन लावलं. नावं सरकतायत, मागे काळं आकाश, आणि शेवटाकडे एक ठिपका लुकलुकून जातो. सातही जणांना दिसला नव्हता. भक्ताला माहीत होता, पण आज त्यालाही दिसला नव्हता, डोळे पुसत होता. आम्ही सगळे तेरा रविवार पडद्याच्या खालच्या कडेकडे बघून घडलो होतो. अक्षरं दिसली की वाचायची. आत्याला अक्षरांशी देणंघेणंच नव्हतं.

चिठ्ठ्या उशिरा लिहिल्या, तशाच डब्यात आहेत. उद्या.

११ ऑक्टोबर

मांडणी सुरू. चिठ्ठ्या भागाप्रमाणे नाही, माणसाप्रमाणे लावतेय. एकेकाचे तेरा रविवार सलग वाचले की ते माणूसच दिसू लागतं, मालिका मागे राहते. काकांची दहाव्याची कोरी चिठ्ठी कोरीच छापणार, विचारून घेतलंय.

राहिलं : आत्याच्या चिठ्ठ्यांतलं 'वसुलीवाले' तसंच ठेवायचं, कंसात काही घालायचं नाही.

मावसभावाला उरलेले चौदा भाग दिले होते. आधी नको म्हणाला. माझी पूर्ण आहे, मला बिघडवायची नाही. मग रात्रपाळीच्या एका लांबलेल्या आठवड्यात सगळे पाहिले आणि आज पहाटे निरोप ठेवला :

"पाचवा जबरदस्त आहे. विशस कोण ते कळलं. स्पाइक पाहुणा नाही, मान्य. पण ताई, शेवटच्या भागात तो निघतो तेव्हा फे त्याला बोळात अडवते बघ. म्हणते आठवण परत आली, पण काही चांगलं झालं नाही. परत जायला कुठे जागाच नव्हती, इथे सोडून. तो तिला आपल्या डोळ्याची गोष्ट सांगतो, एक काल बघतो, एक आज, आणि जातो. ती वर छतावर गोळ्या झाडते. त्या वेळी तुम्ही आठ जण कुणाकडे बघत होतात?"

डबा उघडला आणि सव्विसाव्याच्या आठही चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. पाठ. चालण्याची ढब. कोट. एकटा दिवा. आत्याची : "तो गेला, मागे वळला नाही."

गोळ्यांचा उल्लेख एकीतही नाही. मी स्वतः ते दृश्य आत्याला सांगत होते तेव्हाचं आठवून पाहिलं. स्पाइकची वाक्यं सांगितली होती. फेची सांगितली की नाही, आठवत नाही.